प्रदूषण म्हटलं की आपल्याला फक्त खोकलाच का आठवतो?

मामांना अटॅक आला तेव्हा डॉक्टरांनी सगळं विचारलं, सिगारेट, दारू, शुगर, बीपी, घरात कुणाला हार्टचा त्रास आहे का. सगळ्याची उत्तरं नाही. तीस वर्षं भर रहदारीच्या रस्त्यावर उभं राहून नोकरी केली हे मात्र कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. अटॅक त्यामुळेच आला असं मी म्हणत नाहीये, एका माणसाबद्दल असं छातीठोकपणे सांगताच येत नाही. पण तेव्हापासून जे वाचत गेलो त्याने झोप उडाली खरंच.

पीएम २.५ म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, आपला केस याच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. नाकात, घशात अडकायला ते फार बारीक, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. तिथे सूज येते, त्या सुजेतली रसायनं रक्तात उतरतात, सगळ्यात बारीक कण तर स्वतःच रक्तात शिरतात. मग रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं, त्या नीट सैल होत नाहीत, बीपी वाढतं, रक्त लवकर गोठायला लागतं, आणि चरबीचे थर साचत जातात. यातलं काहीच दुखत नाही हो! खोकला निदान ऐकू तरी येतो.

अमेरिकेत सहा शहरांतल्या ८,१११ लोकांवर १४ ते १६ वर्षं लक्ष ठेवलं होतं, १९९३ साली निकाल आला. सिगारेट वगैरेचा हिशोब वेगळा काढूनही सगळ्यात घाण हवेच्या शहरात मृत्यूचं प्रमाण सगळ्यात स्वच्छ हवेच्या शहरापेक्षा २६ टक्के जास्त. नंतर २०१६ मध्ये अजून एक अभ्यास आला, जवळपास ६,८०० लोक, सुरुवातीला कुणालाच हार्टचा आजार नव्हता, दहा वर्षं वरचेवर स्कॅन केले. जिथे पीएम २.५ जास्त तिथे हृदयाच्या धमन्यांमध्ये कॅल्शियम जास्त वेगाने साचत होतं. म्हणजे मरणाचे आकडे मोजायची वाट बघायची गरजच नाही, धमनी कडक होताना दिसतेय.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ च्या वर्षाच्या सरासरीची मर्यादा एका घनमीटर हवेत १० वरून थेट ५ मायक्रोग्रॅमवर आणली ती उगीच नाही. त्यांच्याच अंदाजाने २०१९ मध्ये बाहेरच्या हवेमुळे ४२ लाख लोक वेळेआधी गेले, त्यातले सुमारे ६८ टक्के हृदयविकार आणि स्ट्रोकने. फुफ्फुसाने नाही!

आणि आपण काय बघतो, तर आजचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा. आज लाल दिसला की मास्क, उद्या पिवळा झाला की सुटलो. अहो पण धमनीत साचतं ते वर्षानुवर्षांचं, रोजचं "मॉडरेट" सुद्धा त्यात जमा होतंच. माझं स्पष्ट मत आहे, हृदयाची तपासणी करताना तुम्ही राहता कुठे, काम कुठे करता हे सिगारेटइतक्याच गंभीरपणे विचारलं पाहिजे.

त्या सहा शहरांमध्ये पुढे हवा सुधारली तसं मृत्यूचं प्रमाणही खाली आलं, हे २००६ च्या पाहणीत दिसलं. ते वाचलं त्याच दिवशी मामांना फोन केला आणि सकाळचं फिरणं मोठ्या रस्त्यावरून बंद करून आतल्या बाजूने करायला लावलं. आधी वैतागले, आता जातात. पुढच्या तपासणीला मी सोबत जाणार आहे, ती तीस वर्षं डॉक्टरांना सांगायला.