वाजवणाऱ्यांची नावं कुठे आहेत?

मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीवरचा तुमचा लेख आवडला. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स हे तिचे गायकसंच सगळे आलेत, मालक बेरी गॉर्डीही आलाय. पण डेट्रॉइटच्या त्या छोट्याशा स्टुडिओत ही गाणी प्रत्यक्ष वाजवणाऱ्या फंक ब्रदर्सचा, म्हणजे कंपनीच्या वादकांच्या चमूचा, साधा उल्लेखही नाही, हे फार खटकलं.

टेम्प्टेशन्सचं 'माय गर्ल' (१९६४) एकदा हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला नुसती बास गिटार, फंक ब्रदर्सपैकी जेम्स जेमरसनची. मग त्यांच्यातल्याच रॉबर्ट व्हाइटच्या गिटारचे ते चढत जाणारे सूर. गायक डेव्हिड रफिन तोंड उघडायच्या आधीच गाण्याने आपल्याला खिशात घातलेलं असतं! जेमरसन मूळचा जॅझवाला, उभा डबल बास वाजवणारा. इलेक्ट्रिक बासवरही उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. तो जाड, गोलसर आवाज त्या जुन्या तारांचाही आहे. फोर टॉप्सच्या 'बर्नाडेट'मध्ये (१९६७) तर बास साथ करतच नाही, गाणाऱ्याच्या बरोबरीने बोलतो.

आणि ही माणसं रेकॉर्डच्या वेष्टनावर कुठेच नसायची. मोटाऊनचाच गायक मार्विन गे याच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर त्यांची नावं छापली गेली, तोवर मोटाऊनची कितीतरी गाणी पहिल्या क्रमांकावर जाऊन आली होती. मला हा सरळ अन्याय वाटतो.

१९७२ मध्ये कंपनीने बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं, यातले बरेच जण मागेच राहिले. जेमरसन १९८३ मध्ये गेला, अवघ्या ४७ व्या वर्षी. त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहाच, आणि त्यात ड्रमर बेनी बेंजामिनला विसरू नका.