ब्रिक लेनची बेगल बेकरी बंद झालेली नाही!

लंडनला जाणाऱ्यांना अजूनही कोणीतरी हमखास सांगतं की ब्रिक लेनवरची ती 24 तास बेगल (मध्ये भोक असलेला गोल ब्रेड) विकणारी जुनी ज्यू बेकरी कायमची बंद पडली. अहो नाही पडली. तिथे एकमेकांच्या जवळ अशी दोन बेगलची दुकानं आहेत आणि सगळा घोळ त्यातूनच झालाय. पिवळ्या पाटीचं, 1855 पासूनचं म्हणवणारं बेगल शॉप फेब्रुवारी 2024 मध्ये अचानक बंद झालं होतं, तेही काही महिन्यांनी परत उघडलं. पांढऱ्या पाटीचं बेगल बेक, 1974 चं, ते तर तेव्हाही चालूच होतं.

ज्यू वस्ती तिथून कधीच हलली, आता आजूबाजूला बांगलादेशी दुकानं, तरी मध्यरात्री टॅक्सीवाले, पार्टीहून परतणारी पोरं, सगळे रांगेत, कारण पिठाचं कडं आधी पाण्यात उकळून मग भाजलेला तो चिवट बेगल, त्यात गरम सॉल्ट बीफचे (मिठात मुरवून शिजवलेल्या गोमांसाचे) जाड तुकडे, नाकात झणझणणारी मोहरी आणि आंबट काकडी, हे एवढ्या स्वस्तात ताजं मिळतं कुठे? बीफ न खाणाऱ्यांनी क्रीम चीजचा घ्या, तोही मस्त लागतो. आणि हो, ज्यू बेकरी म्हणून कोशर (ज्यू धर्मनियमांनुसार बनवलेलं) समजू नका, बेगल बेक शनिवारीही, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशीही, उघडं असतं.