सोडून राहिलो न!

आमच्या विदर्भातल्या वरूडकडे संत्र्याचा आंबिया बहार कोणता नि मृग बहार कोणता, हे शेंबडं पोरही सांगतं. पण इंग्रजी क्रियापदाला कोणतं शेपूट लागलं की अर्थ कुठे जातो, यावर अख्खा पार हात टेकतो. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली २००० साली. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवणारे.

पुतणीच्या स्थळाचंच घ्या. मध्यस्थाचा मोबाइलवर निरोप आला, 'बॉय यूज्ड टू ड्रिंक.' घरावर सुतकी कळा. कॉलेजातला भाचा म्हणाला, "मामा, म्हंजे आधी पेत होता, आता नाही. 'इज यूज्ड टू ड्रिंकिंग' असतं, तर सवय मुरली म्हणावं."

'टू' दोन्हीकडे तोच. एकदा जुनी गोष्ट, एकदा अंगवळणी पडलेली!

आजीनं विचारलं, "आता पेत नाही, त मंग सांगून काऊन राहिला बाप्पा?" प्रश्न बिनतोड होता. भाच्यानं खात्रीसाठी निरोप धाडला, नेमकं कोणतं? उत्तर आलं, 'यस यस, फुल्ली यूज्ड टू.' स्थळ अजून लोंबकळतंच आहे.

तसे आपणही कमी नाही म्हणा. 'वावर इकलं' ही नुसती बातमी. 'इकून टाकलं' म्हटलं की कटकट गेली. 'इकून बसला' यात गावाची हळहळ. आणि 'इकून राहिला' म्हणजे सौदा चालू आहे, पैसे असतील तर पळा. हे आम्हाला कोणत्याच मास्तरनं शिकवलं नाही. पुण्याचा पाहुणा 'इकून कुठं राहिला?' असं विचारतो, तेव्हा आम्ही पोट धरून हसतो. इंग्रजही आम्हाला असेच हसत असणार.

यंदा लेकीची दहावी. गाइडमधला माणूस सिगारेट ओढत होता, तिनं त्याच्या हाती खर्रा, म्हणजे आमची घोटलेली तंबाखू-सुपारी, दिला. 'फादर स्टॉप्ड टू ईट खर्रा' आणि 'फादर स्टॉप्ड ईटिंग खर्रा'.

"बाबा, फरक सांगा न."

"पयल्यात बाप खर्रा खाले ठेल्यावर थांबला. दुसऱ्यात त्याचं खाणंच थांबलं."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "पयलं त रोजचंच हाय. दुसरं कवा होते जी?"

खिशातली पन्नी चुरचुरली, ती मी मुठीत दाबली. "सोडून राहिलो न!"

"लगन झालं तवापासून सोडूनच राहिले तुमी!"