बीटी सरकीत ‘वांझ जनुक’ नाही

मृग जवळ आला की यवतमाळ-वर्ध्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: ‘कंपन्यांनी बीटी कपाशीत वांझ जनुक टाकलं आहे. म्हणून घरची सरकी उगवत नाही, उगवली तर पिकत नाही, आणि शेजारच्या देशी कपाशीलाही ती वांझ करते.’ बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक घातलेली कपाशी. मेसेजमागची चीड मला समजते. दरवर्षी पाकिटासाठी उधारी करणाऱ्याला चीड येणारच. पण वांझ जनुकाच्या मागे लागलो की खरं कारण सुटून जातं.

‘उगवत नाही.’ उगवते. चांगल्या वेचणीची सरकी ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा आणि कोंब मोजा. पावसात भिजलेल्या बोंडांची, जिनिंगमध्ये फुटलेली सरकी कोणत्याही वाणाची असो, दगा देते. बी वांझ करण्याच्या तंत्राला अमेरिकेत 1998 मध्ये पेटंट मिळालं, हे खरं. पण ते जगात कुठेच बाजारातल्या बियाण्यात आलं नाही. आपल्या 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तर तसल्या वाणाची नोंदणीच नाकारली आहे.

‘पिकत नाही.’ हे निरीक्षण बरोबर आहे, लावलेलं कारण चूक. पाकिटातलं बी ही दोन वाणांच्या संकराची पहिली पिढी, म्हणून सगळं वावर एकसारखं दिसतं. तिची सरकी पेरली की मेंडेलने 1866 मध्ये वाटाण्यावरून मांडलेला हिशेब सुरू होतो: आईबापांचे गुण सुटे होतात आणि नव्याने वाटले जातात. एक पऱ्हाटी उंच, दुसरी बुटकी. कुठे बोंड मोठं, कुठे धागा आखूड. बीटी जनुक बहुतेक संकरांत एकाच पालकाकडून येतं, त्यामुळे दुसऱ्या पिढीत साधारण चारांतल्या एका झाडात ते नसतंच. संशोधकांना हीच फाटाफूट हवी असते. ते अशी शेकडो झाडं लावतात, प्रत्येकाचा धागा मोजतात, पानातून डीएनए काढतात आणि गुणसूत्रावरची कोणती खूण लांब धाग्यासोबत वारंवार येते ते शोधतात. जनुकांचा नकाशा असाच तयार होतो.

आणि ही दुसरी पिढी तुमच्या उभ्या पिकातच असते. संकरित झाडावरच्या बोंडातली सरकी म्हणजे तीच. तिच्यातल्याही काही बियांत बीटीचं विष नसतं. गुलाबी बोंडअळी सरकीच खाते. एकाच बोंडात कमी-जास्त विष मिळालं की तिला विष पचवायला शिकणं सोपं जातं. फरदडीने, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पाणी देऊन पुढे चालवल्याने, तिला खाणंही लांबवर पुरवलं. 2017 साली या अळीमुळे विदर्भाने जे नुकसान भोगलं, त्यामागे हेही एक कारण होतं. जाब विचारायचा तर बीटी संकरितच का विकलं, याचा विचारा.

‘देशीला वांझ करते.’ देशी कपाशीत 26 गुणसूत्रं, अमेरिकन कपाशीत 52; आपली बीटी ही अमेरिकन कपाशीच. दोघींचा संकर शेतात सहसा धरतच नाही, आणि धरला तर होणारं झाड निपजतंच वांझ. हे बीटीच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. बीटीचे पराग मधमाश्या शेजारच्या अमेरिकन सरळ वाणावर (संकरित नसलेल्या, घरच्या बियांतूनही तसाच उतरणाऱ्या) मात्र नेतात, म्हणून बियाण्याचा प्लॉट अंतर राखून घ्यावा.

बी घरचंच ठेवायचं असेल तर सरळ वाण लावा. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्याकडे चौकशी करा. त्याचं बी राखायचा, पुन्हा पेरायचा आणि शेजाऱ्याला द्यायचा हक्क त्याच 2001 च्या कायद्याने तुम्हाला दिला आहे.