हा काऊबॉयचा पोवाडा नव्हे

‘लॅरी मॅकमर्ट्रीची “लोन्सम डव्ह” म्हणजे पडेल पटकथेची फुगवलेली कादंबरी. टीव्ही मालिकेनं तारली म्हणून चालली. आत काय, तर काऊबॉयचा पोवाडा.’ वेस्टर्नचा, म्हणजे अमेरिकेतल्या काऊबॉय-कथांचा विषय निघाला की कुणीतरी हे फेकतंच.

पटकथा होती, हे कबूल. ‘द लास्ट पिक्चर शो’ (१९७१) या चित्रपटानंतर मॅकमर्ट्री आणि दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच यांनी जॉन वेन, जेम्स स्टुअर्ट आणि हेन्री फोंडा या तिघा हॉलिवूड नटांना डोळ्यांपुढे ठेवून ती रचली होती. वेन नको म्हणाला आणि बेत बारगळला. पुढे मॅकमर्ट्रीनं तिचे हक्क पैसे मोजून परत घेतले. १९८५ मध्ये आलेली कादंबरी मात्र आठशेंवर पानांची आहे. एका सिनेमाचा ऐवज नुसता ताणून एवढी पानं भरत नाहीत.

मालिकेचा मुद्दा तारखांवरच निकालात निघतो. कादंबरीला पुलित्झर पुरस्कार मिळाला १९८६ मध्ये, मालिका १९८९ ची. शिवाय मालिकेची पटकथा मॅकमर्ट्रीची नाहीच, ती बिल विटलिफची.

राहिला पोवाडा. कादंबरी उघडते तेव्हा ओसरीवर डुकरं रॅटलस्नेक खातायत, तोही फारसा मोठा नाही, आणि गस, टेक्सासच्या रेंजर्स या सशस्त्र दलातला माजी शिलेदार, त्यांना लाथ घालून हाकलतोय. ही आपल्या नायकाची एन्ट्री! पुढे गुरांचा कळप माँटानाकडे निघतो. नदी ओलांडताना आयर्लंडहून नुकतंच आलेलं एक पोरगं पाणसर्पांच्या वेटोळ्यात सापडून मरतं. जुना साथीदार जेक खुन्यांच्या टोळीत जातो, तर त्याला फासावर देतात ते त्याचेच दोस्त. शेवटी गसचं प्रेत घेऊन त्याचा जोडीदार कॉल पुन्हा टेक्सासला येतो. मग हा सगळा खटाटोप केला कशासाठी, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

मॅकमर्ट्री स्वतः टेक्सासमधल्या आर्चर सिटीजवळच्या गुराख्यांच्या घरातला. घरात पुस्तक म्हणून नव्हतं. युद्धावर निघालेल्या एका चुलतभावानं १९ पुस्तकांचं खोकं ठेवलं आणि पोराचं घोड्यावरून लक्ष उडालं ते कायमचं. १९८१ मध्ये तर त्यानं टेक्सासच्या लेखकांना झापलं होतं, की गुरंढोरं पुरे, आता शहरांकडे बघा. चार वर्षांनी स्वतःच ही कादंबरी दिली, ही गंमत आहेच. वाचकांनी गसवर जीव टाकला, त्याला काय करणार? हे प्रेम पाहून मॅकमर्ट्री कुरकुरत राहिला.

२००६ मध्ये ‘ब्रोकबॅक माउंटन’च्या पटकथेसाठी सहलेखिका डायना ओसानासोबत ऑस्कर घेताना त्याच्या समारंभी कोटाखाली जीन्स होती, एवढाच काय तो काऊबॉय. आभार मानले ते जगभरच्या पुस्तकविक्रेत्यांचे.