तिकडे आपलं कोण आहे?

आमच्या घरातून परदेशात गेलेली एकमेव गोष्ट म्हणजे आईने न्यू जर्सीच्या मावशीला पाठवलेली दोन किलो भाजणी. माणूस कोणी गेलेला नाही. मी तर विमानात पण बसलेले नाही, विमान मी कायम खालूनच बघितलंय. घाटकोपरला आजोळच्या गच्चीत उभं राहिलं की ते डोक्यावरून इतकं खालून जातं की चाकं मोजता येतात, आणि चाकं मोजणं एवढाच माझा आंतरराष्ट्रीय प्रवासाचा अनुभव. तर अशा मुलीने विक्रोळीत, कन्नमवार नगरात, रात्री जेवताना, पानात मेथीची भाजी असताना जाहीर केलं की मला मास्टर्स बाहेर करायचंय.

"बाहेर म्हणजे? पुण्याला?" आजी म्हणाली.

बाहेर म्हणजे कुठे हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं, तोच तर सगळा घोळ. विषय मात्र पक्का होता. सिव्हिल झाल्यावर मला सांडपाण्यात मास्टर्स करायचं होतं. हे वाक्य मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलंय त्यांनी सगळ्यांनी आधी आईकडे बघितलंय, मग माझ्याकडे. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी तर सरळ विचारलं, "गटाराचं शिकायला परदेशात कशाला? आपल्याकडे बारा महिने प्रॅक्टिकल चालूच आहे की." पॉइंट होता त्यांचा. आमच्या विक्रोळीच्या एका बाजूला घाटकोपरचं सांडपाण्याचं लगून, म्हणजे ते पाणी साफ करायचं तळं, दुसऱ्या बाजूला भांडुपचं, वारा कुठूनही सुटला तरी विषय एकच.

पण बातमी फुटली आणि मग लक्षात आलं की आपल्याकडे देश निवडताना युनिव्हर्सिटी, कोर्स, फी वगैरे नंतर येतं, पहिला प्रश्न असतो, "तिकडे आपलं कोण आहे?" बस. त्यावर देशांची यादी आपोआप तयार होते. न्यू जर्सीला मावशी आहे म्हणून अमेरिका. आत्याच्या नणंदेचा मुलगा मेलबर्नला आहे म्हणून ऑस्ट्रेलिया. बाबांच्या डेपोतल्या एका मित्राच्या साडूची मुलगी टोरंटोजवळ कुठेतरी आहे म्हणून कॅनडा, आणि 'जवळ' म्हणजे नंतर मॅपवर बघितलं तर विक्रोळी ते कोल्हापूर. लंडनला आपलं कोणी नाही पण शेजारच्या काकू म्हणाल्या तिकडे महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ सालचं, गणपती बसवतात, म्हणजे आपलंच झालं.

आणि याला इतिहास आहे बरं का. आजीला वाटायचं मुलीने एकटीने जाऊ नये, म्हणून मी हुकमाचं पान काढलं, म्हटलं आजी, आनंदीबाई जोशी १८८३ साली गेल्या, अठरा वर्षांच्या, त्या पण आपल्याच लाइनच्या, कल्याणच्या. आजी गप्प बसेल असं वाटलं होतं. नेमका माझा धाकटा भाऊ मोबाइलमध्ये तोंड घालून म्हणाला, त्या उतरल्या ते कार्पेंटरबाईंच्या घरी, रोझेल, न्यू जर्सी. संपलं! कॉलेज फिलाडेल्फियाला असूनसुद्धा पहिला मुक्काम ओळखीच्या बाईंकडे न्यू जर्सीत. आजीने विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून आजपर्यंत पद्धत तीच आहे, फक्त बोटीच्या जागी विमान आलं.

मी एक्सेल शीट बनवली. इंजिनिअरिंग झालेली पोरगी दुसरं करणार काय. देश, युनिव्हर्सिटी, फी, खर्च, डेडलाइन. आठ दिवसांत ती शीट माझी राहिली नाही. आईने 'थंडी' कॉलम टाकायला लावला. आजीने 'पोळी मिळते का'. भावाने 'व्हिसा मिळेल का' या कॉलममध्ये टक्के टाकले, ते कुठून आणले विचारलं तर म्हणे फीलिंगवरून. बाबांनी काहीच टाकलं नाही. बाबा बेस्टमध्ये तीस वर्षं कंडक्टर, गेल्या वर्षी रिटायर झाले. ते शीट बघायचे, चष्मा वर करायचे आणि "हं" म्हणायचे.

इंग्लंडवर माझा आधीपासून जीव होता, कारण सांडपाण्याची काशी म्हणजे मँचेस्टर. गटाराच्या पाण्यात हवा सोडून जंतूंकडूनच घाण खाऊन घ्यायची, ही जी पद्धत आज जगभर वापरतात ती आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी तिथेच १९१४ मध्ये मांडली. हे मी इतक्या भक्तिभावाने सांगितलं की आईने हातातला घास खाली ठेवला. पण काशी महाग निघाली. कोर्स एकच वर्षाचा, पण फीच पंचवीस-तीस लाखांच्या घरात, वर त्यांच्या सरकारी दवाखान्याचा सरचार्ज वर्षाला ७७६ पाउंड, आजारी पडा नाहीतर नका पडू. अमेरिकेत इंजिनिअरिंगवाल्यांना शिकून झाल्यावर एक वर्ष आणि वर आणखी दोन वर्षं काम करता येतं हे खरं, पण फीचा आकडा बघून बाबांनी "हं" सुद्धा म्हटलं नाही. कॅनडाला खर्चासाठी दाखवायची रक्कम वर्षानुवर्षं १०,००० डॉलर होती, ती २०२४ च्या एक जानेवारीला २०,६३५ झाली. ऑस्ट्रेलियाची नुसती व्हिसा फी ७१० डॉलरवरून १,६०० आणि तिथून २,०००, सगळं मिळून एका वर्षात. आपण कॉलम भरेपर्यंत आकडा बदलतो. भाजीवाला तरी सकाळचा भाव संध्याकाळपर्यंत ठेवतो हो.

मग सगळे म्हणाले कन्सल्टंटकडे जा. फ्री असतं. दादरला एक ऑफिस होतं, एसी फुल, भिंतीवर घड्याळं, लंडन, टोरंटो, सिडनी, आणि मुंबईचं घड्याळ बंद. समोरच्या मॅडमनी माझे मार्क बघितले, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर बघितला, आणि तीन मिनिटांत इंग्लंडमधल्या एका कधी न ऐकलेल्या युनिव्हर्सिटीचं ब्रोशर पुढे केलं.

"मॅम, यात वॉटर मॅनेजमेंट नाहीये," मी म्हणाले.

"मॅनेजमेंट आहे ना."

"हो, पण वॉटर?"

"वॉटर तुम्ही इलेक्टिव्हमध्ये बघा ना."

बाबा बरोबर आले होते. बाहेर पडून आम्ही रानडे रोडवर लिंबू सरबत प्यायलो आणि मग त्यांनी पहिल्यांदा मत दिलं. म्हणाले, "रात्रीची लक्झरी बघितलीस ना गावाला जाताना? घाटाखाली एका ठराविक हॉटेलवरच का थांबते? तिथलं जेवण चांगलं असतं म्हणून?" मी म्हटलं नाही. "ड्रायव्हर-क्लीनरला फुकट जेवायला घालतात म्हणून. ही बाई गाडी त्याच हॉटेलवर थांबवते." नंतर चौकशी केली तर खरंच, पोरगं अॅडमिशन घेतं तेव्हा युनिव्हर्सिटी एजंटला कमिशन देते, म्हणून आपल्याला फ्री. माझ्या एक्सेलमध्ये हे कुठल्याच कॉलमला बसत नव्हतं. मी म्हणत नाही सगळे तसेच असतात, पण मला तरी आता फुकट सल्ला ऐकला की घाटाखालचं ते पांढऱ्या ट्यूबलाइटवालं हॉटेल आठवतं.

त्या मॅडमनी माझं एसओपी पण बघितलं होतं, म्हणजे मला तोच विषय का शिकायचाय ते लिहायचं असतं तो निबंध. त्यात मी २६ जुलै लिहिली होती. २००५ ला मी तीन वर्षांची होते, मला स्वतःचं काही आठवत नाही, पण घरी ती गोष्ट इतक्या वेळा ऐकलीय की मीच बसमध्ये होते असं वाटतं. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला, मिठी नदी रस्त्यावर आली आणि बाबांची डबल डेकर कलिन्याजवळ अडकली. खालच्या मजल्यात पाणी, सगळे पॅसेंजर वर, रात्रभर. एका बाईंच्या डब्यातली अर्धी पोळी बाबांच्या वाट्याला आली ती त्यांनी एका शाळेतल्या पोराला दिली, हे बाबा सांगत नाहीत, तेव्हाचा ड्रायव्हर सांगतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा चालत घरी आले ते तिकिटांची पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, डोक्यावर धरून. तिकिटं कोरडी होती. बाकी बाबा पूर्ण ओले. तर हे मी लिहिलं होतं, आणि मॅडमनी त्यावर लाल रेघ मारून "टू पर्सनल" लिहिलं आणि तिथे "लहानपणापासून मला पाण्याची पॅशन आहे" असं सुचवलं. लहानपणापासून आमच्याकडे पाणी सकाळी यायचं आणि ते भरायला आई उठवायची, याला पॅशन म्हणतात हे मला माहीत नव्हतं.

जर्मनी यादीत आली ती शेवटून. तिकडे आपलं कोणीच नाही, म्हणून कोणी सुचवलीच नव्हती. बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये फी जवळपास नाही हे कळल्यावर आईचा पहिला प्रश्न, "मग खोट काय आहे त्यात?" खोट म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. जाण्याआधी ११,९०४ युरो तिकडच्या खात्यात भरायचे, आपल्याकडचे बारा लाख धरा, आणि मग त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. मला वाटलं बाबा भडकणार. बाबा म्हणाले, "म्हणजे पैसे आपलेच, पण मागून घ्यायचे. पीएफच की." त्यांना तो देश एकदम ओळखीचा वाटायला लागला. शिवाय मार्कशीटा खऱ्या आहेत हे एपीएस नावाच्या त्यांच्या ऑफिसकडून तपासून घ्यायचं, त्याचे अठरा हजार. तपासणी म्हटल्यावर बाबांचा त्या देशाबद्दलचा आदर आणखी वाढला.

भाषा शिकायला मी शनिवार-रविवार विक्रोळीहून काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनला जायला लागले. लोकांनी घाबरवलं होतं की जर्मनमध्ये तीन लिंगं असतात. अरे मग मराठीत काय दोन आहेत? वर्गातली बाकीची मुलं 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी कसा म्हणून हैराण, आणि मला त्यात काहीच वाटेना, आमच्या घरी मला रागावताना 'ते कार्टं'च म्हणतात. आकडे पण आपल्यासारखेच उलटे, एक-आणि-वीस. एकवीस. घरी येऊन बाबांना म्हणून दाखवले तर ते खूश, म्हणाले ही माणसं सुट्टे बरोबर देत असणार.

आणि मग ड्रेस्डेन सापडलं. तिथे हायड्रो सायन्सचा, म्हणजे पाण्याच्या शास्त्राचा कोर्स आहे, इंग्रजीतून. पण माझं मन बसलं ते एका नदीच्या गोष्टीवर. मोठी नदी एल्बे, ती वेगळी. तिला मिळणारी वायसेरित्स म्हणून छोटीशी नदी आहे, ती शंभरेक वर्षांपूर्वी शहराने मूळ वाटेवरून हटवून बाजूला वळवली होती. २००२ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा ती जुन्या वाटेनेच परत आली आणि सरळ मेन रेल्वे स्टेशनात शिरली. हे वाचलं रात्री दोन वाजता, आणि मला तो नकाशा आठवला, विमानतळाच्या धावपट्टीपाशी काटकोनात वळवलेल्या आपल्या मिठीचा. म्हटलं हे लोक पण आपल्यासारखेच आहेत, फक्त नंतर नीट मोजमाप करून ठेवतात. इथेच जायचं.

सकाळी घरी ही नदीची गोष्ट सांगितली. कोणावर काही परिणाम झाला नाही. आई म्हणाली, पूर येतो तिथे कशाला जायचं मग. आजी म्हणाली तिकडे आपलं कोण आहे. मी चिडून शीट बंद करत होते तेवढ्यात सहज बोलून गेले की सेमिस्टरला साधारण तीनशे युरो भरायचे, बास, त्यात बस-ट्रामचा पास पण येतो.

बाबांनी चष्मा वर केला. "कुठला पास?"

"सेमिस्टरचा."

"सहा महिन्यांचा? सगळ्या रूटवर?"

"हो. लोकल ट्रेन पण."

बाबा उठून माझ्या शेजारी येऊन बसले. पुढचा एक तास त्यांनी जे विचारलं ते मला कुठल्याच व्हिसा ऑफिसरने विचारू नये. पहिली गाडी कितीला, शेवटची कितीला, ट्राम किती डब्यांची, चढायचं पुढून की मागून. मी सांगितलं कुठल्याही दाराने चढा, कंडक्टर नसतो.

"नसतो म्हणजे?"

"नसतोच. लोक आपलं आपण तिकीट काढतात. मधूनच तपासनीस चढतो, तिकीट नसलं तर ६० युरो दंड."

बाबा बराच वेळ गप्प होते. तीस वर्षं ज्या माणसाने "पुढे सरका, तिकीट तिकीट" म्हणत गर्दीतून वाट काढली त्याला हे पचायला वेळ लागणारच. शेवटी म्हणाले, "आणि गाड्या वेळेवर असतात?" म्हटलं ट्राम असतात, ट्रेनचं आता तिकडचे लोकच कुरकुर करतात. "मग ठीक आहे," बाबा म्हणाले, "म्हणजे माणसंच आहेत." आणि उठून बँकेत लोनची चौकशी करायला गेले, स्वतःहून.

आता अॅडमिशनचं पत्र आलंय, व्हिसा व्हायचाय, ऑक्टोबरला सेमिस्टर सुरू. आईने मेतकूट आणि भाजणीचं वजन काट्यावर करून ठेवलंय आणि २३ किलोत पुस्तकं कशी बसणार ही तिच्या दृष्टीने माझी अडचण आहे. बाबा दुपारी जेवून आडवे होतात आणि मोबाइलवर ड्रेस्डेनच्या ट्रामचे व्हिडिओ बघतात, ड्रायव्हरच्या मागे कॅमेरा लावलेले, तास-तासभराचे, आवाज बंद करून. परवा शेजारच्या काकू हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या होत्या, मला बघून त्यांचा जीव कळवळला.

"एवढ्या लांब एकटी पाठवताय पोरीला. तिकडे आपलं कोण आहे हो?"

बाबांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "तीन नंबरची ट्राम आहे. स्टेशनवरून थेट कॉलेज."