आपोआप पडणारे पट्टे

ठाण्यात लोकरीचे मोजे विणणारी बाई शेजाऱ्यांच्या दृष्टीने आधीच थोडी संशयास्पद असते. त्यातून मी ते भर मे महिन्यात, पंख्याखाली बसून, घामाने सुया चिकटू नयेत म्हणून तळहातांना पावडर लावून विणत होते. भाची जर्मनीत असते. तिच्याकडे थंडी आहे आणि माझ्याकडे वेळ. लोकरही तिनेच पाठवली होती. १०० ग्रॅमचा गुंडा, लांबी ४२० मीटर, ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन. या धाग्यावर कारखान्यातच ठरावीक अंतराने वेगवेगळे रंग चढवलेले असल्यामुळे विणत गेले की पट्टे आपोआप पडतात. "मावशी, तुला काहीच करायचं नाहीये, डिझाइन लोकरच करते," असे ती म्हणाली, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

अडीच मिलिमीटरच्या पाच सुया घेऊन, त्यांतल्या चार सुयांवर सोळा-सोळा असे ६४ टाके घालून मी पहिला मोजा सुरू केला. दोन सुलट, दोन उलट अशी वरची किनार झाली आणि खरोखरच निळ्यामागून हिरवा, हिरव्यामागून पिवळा, पिवळ्यामागून केशरी असे पट्टे शिस्तीत येऊ लागले. मी इतकी हरखले की एरवी साडेनऊला मिटणारे माझे डोळे "एवढा केशरी संपला की झोपते" असे म्हणत रात्री एकपर्यंत उघडे राहिले. टाचेपाशी मात्र शिस्त बिघडली. टाच निम्म्याच टाक्यांवर, म्हणजे ३२ टाक्यांवर, पुढे-मागे विणायची असते आणि ओळ निम्मी झाली की तेवढ्याच धाग्यात दुप्पट ओळी बसतात. त्यामुळे बोटभर रुंदीचा हिरवा पट्टा एकदम दोन बोटे झाला. पुढे टाचेच्या कडेचे टाके उचलल्यावर घेर वाढला, तसा बिचारा पिवळा अंग चोरून बसला.

तेही चालले असते, कारण दोन्ही मोज्यांना हाच रोग जडला असता तर जोडी जुळलीच असती. पण त्यासाठी दुसरा मोजा पहिल्याच्याच रंगावर, त्या रंगातल्या नेमक्या त्याच जागी सुरू व्हावा लागतो. म्हणून निळा सापडेपर्यंत मी गुंडा उकलत बसले. खुर्च्यांच्या पायांना वेढे घालत हॉलभर पसरलेला तो धागा पाहून केर-फरशी करणाऱ्या बाईंनी त्या दिवशी फरशी पुसायला साफ नकार दिला. अखेर निळा मिळाला, टाके घातले, आणि घोट्यापर्यंत दोन्ही मोजे जुळ्या भावंडांसारखे निघाले. टाच उतरून तळव्याशी आले, तोच बोटांना गाठ लागली. कारखान्यात तुटलेला धागा जोडतात, यात वावगे काही नाही. पण जोडताना रंगांचा क्रम कोण पाहतो? गाठीनंतरचा धागा उलट्या दिशेने निघाला होता. निळ्यामागून केशरी, केशरीमागून पिवळा! हे माझ्या लक्षात आले ते मोज्याचे टोक बंद करून झाल्यावर, कारण मालिकेत त्या वेळी लग्न चालू होते.

आमचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी दोन्ही मोजे ट्यूबलाइटखाली धरले, पट्टे मोजले आणि निर्णय दिला, "बेरीज जुळतेय. फक्त नोंदी उलट्या क्रमाने झाल्यात."

भाचीने फोटो पाहून "मावशी, बुटात कोण बघतंय?" असे विचारले. तीन संध्याकाळी धागा उकलण्यात घालवलेल्या बाईला असे विचारू नये, एवढे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळले असावे, कारण महिन्याभरात नवा गुंडा आला. यात पट्टेच नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंग सावकाश, एकदाच बदलत जातो. बाहेरून तो पिवळाधमक दिसतो आणि मधल्या भोकातून गर्द जांभळा डोकावतो. म्हणजे पहिला मोजा पिवळ्यापासून हिरव्यापर्यंत जाणार आणि दुसरा तिथून पुढे जांभळ्यापर्यंत. यजमानांनी गुंडा हातात घेऊन चहूबाजूंनी फिरवून पाहिला आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, "यातला डावा कुठला?"